नापास तुकडा

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणायचे. खरी वहिनी ती फक्त मापखोलीतल्या भाऊजींची, म्हणजे तिच्या धाकट्या दिराची. पण भाऊजी दिवसातून दहादा अख्ख्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात ‘वहिनी’ म्हणून हाक मारायचे, आणि पंचवीस वर्षांत ते नाव लेथवाल्यांना लागलं, पॅकिंगच्या बायकांना लागलं, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही लागलं. गेल्या वर्षी आलेले साहेब तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तेही दुसऱ्या दिवसापासून वहिनीच म्हणायला लागले. आता तिला कुणी नावानं हाक मारली असती, तर तिनं मागे वळून दुसरं कुणी उभं आहे का ते बघितलं असतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. तोफगोळ्याच्या नाकाशी एक कळ असते. गोळा पडल्यावर फुटायचं की नाही, ते ही कळ ठरवते. तिच्या पोटात करंगळीच्या पेराएवढा पितळी बुश बसतो, बुशाला आरपार भोक असतं आणि त्या भोकातून एक पिन सरकते. भोक बारीक राहिलं की पिन अडकते आणि गोळा दगडासारखा नुसता पडून राहतो. वहिनी प्रत्येक बुशाचं भोक तपासायची. हातात पेन्सिलीएवढं पोलादी गेज, दोन टोकांचं. हिरवं टोक भोकात गेलं पाहिजे, लाल टोक जाता कामा नये. हिरवं गेलं, लाल अडलं, बुश पास. शंभर झाले की पेटी, पेटीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तिचा शिक्का. नंबर सतरा. चौतीस वर्षांत सतरा नंबरची एकही पेटी परत आली नव्हती. हे ती आपण होऊन कुणाला सांगत नसे, पण दुसऱ्या कुणी सांगायला घेतलं तर अडवतही नसे.

मग चौपट आलं.

वरून हुकूम आला, की पुढच्या लढाईची तयारी आत्तापासून करायची. कुठली लढाई, कुणाशी, कधी, हे हुकमात नव्हतं. कोठारं रिकामी आहेत, गेल्या खेपेला गोळे तीन आठवड्यांत संपत आले होते आणि पुन्हा तसं होता कामा नये, एवढंच होतं. साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं आणि खुर्चीवर उभं राहून सांगितलं, की रोजचे पाचशे बुश आता दोन हजार झाले पाहिजेत. चौपट. हा शब्द त्यांनी त्या भाषणात इतक्यांदा वापरला, की चहाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव चौपटसाहेब पडलं होतं.

आणि बोलल्यासारखं त्यांनी करूनही दाखवलं. चार लेथचे सोळा झाले. एका पाळीच्या दोन पाळ्या झाल्या. पितळी सळ्यांचे ट्रक आठवड्याला एकाऐवजी चार यायला लागले. संडास होते तेवढेच राहिले, मापखोलीत भाऊजी एकटेच राहिले आणि तपासणीच्या टेबलाशी वहिनीही एकटीच राहिली. दुसरा माणूस मंजूर झालाय, असं साहेब दर सोमवारी सांगायचे. वहिनी दर सोमवारी ‘बरं’ म्हणायची. मंजूर झालेला तो माणूस पाच महिने नुसता मंजूरच होत राहिला.

दिवसाला दोन हजार म्हणजे मिनिटाला चार. हिरवं, लाल, पेटीत. हिरवं, लाल, पेटीत. संध्याकाळी घरी गेल्यावर वहिनीचा उजवा अंगठा आपोआप हलत राहायचा. दाराच्या कुलपाला किल्ली लावतानासुद्धा ती आधी सरळ लावायची, मग उलटी फिरवून बघायची, आणि मग स्वतःवरच वैतागायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तो असता तर म्हणाला असता, राणीसरकार, आता मला तपासून पास करून टाका आणि जेवायला वाढा. पण तो नव्हता. त्यामुळे कधी कधी ती न जेवताच आडवी व्हायची.

पाचव्या महिन्यात एका बुधवारी सळ्यांचा ट्रक आलाच नाही. कुठेतरी पूल बंद होता म्हणे. अकरा वाजेपर्यंत होत्या त्या सळ्या संपल्या, आणि एकेक करत सोळाही लेथ थांबले. इतक्या महिन्यांत शॉपमध्ये अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. लेथवाले पायऱ्यांवर जाऊन बसले. दोघं बसल्या बसल्या झोपले. पॅकिंगच्या बायकांनी वहिनीच्या टेबलाभोवती साचलेली पेट्यांची चळत उचलून नेली, आणि टेबलाचा खालचा खण पाच महिन्यांनी मोकळा झाला.

वहिनीनं तो उघडला अंगठ्याला लावायचं मलम शोधायला. मलम वाळून गेलं होतं. त्याच्या मागे चष्म्याचं एक जुनं घर होतं. ते हातात घेतलं मात्र, आणि तिला शरमल्यासारखं झालं.

त्या घरात, मऊ फडक्यात गुंडाळलेला एक बुश होता. ज्या मास्तरांनी तिला काम शिकवलं, त्यांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो तिच्या हातावर ठेवला होता. तिला तेव्हा नोकरीत तीनच वर्षं झाली होती. तिला वाटलं, आठवण म्हणून एखादा सुबकसा तुकडा दिला असेल. मास्तर म्हणाले होते, ‘हा नापास आहे. भोक बारीक आहे, अगदी किंचित. चांगला बुश कुणीही ओळखतं. तू रोज सकाळी गेज हातात घेतलंस की आधी या वाइटात घालून बघ. हिरवं टोक जाता कामा नये. ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी काम बंद कर आणि मग पुढचं बोल.’

एकतीस वर्षं तिनं ते केलं. रोज सकाळी, ॲप्रनची नाडी बांधली की पहिलं काम ते. पोरी हसायच्या, वहिनींची पूजा चालली म्हणायच्या. चौपटच्या पहिल्या आठवड्यात ते एकदा राहिलं. मग दोनदा राहिलं. मग खणासमोर पेट्या लागल्या. पेट्या हलवायला चार मिनिटं, म्हणजे सोळा बुश, आणि सोळा बुश मागे पडले की पॅकिंगवाल्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, हेच वाईट. तर ते कायमचंच राहिलं.

आज वेळच वेळ होता. वहिनीनं फडकं सोडलं, गेजचं हिरवं टोक पुसलं आणि नापास बुशाच्या भोकाला लावलं.

ते गेलं. अडलं नाही, थबकलं नाही, सरळ आरपार गेलं.

तिनं ते बाहेर काढलं. चष्मा पुसला. टोक पुसलं, बुश पुसला, पुन्हा घातलं. पुन्हा गेलं.  मग तिनं हे सगळं फडक्यात गुंडाळलं आणि पायऱ्यांवरच्या लोकांकडे न बघता मापखोलीकडे निघाली.

मापखोली म्हणजे शॉपच्या कोपऱ्यातली काचेची बंद खोली. थंड ठेवलेली, कारण उन्हाळ्यात पोलादही फुगतं. भिंतभर लाकडी खण, खणांत चारशे गेज, प्रत्येकाला एक कार्ड. कारखान्यात जे काही मोजलं जायचं, ते कशानं मोजायचं हे इथं ठरायचं. भाऊजी कानटोपी घालून स्टुलावर बसले होते. भिंतीवरच्या तारखांच्या पानावर त्यांनी महिनाअखेरीला लाल गोल केला होता. रिटायर व्हायला आठ दिवस उरले होते.

“या वहिनी,” ते म्हणाले. “ट्रकवाल्याचे उपकार. आठांतला एक दिवस फुकटात गेला.”

“सीलबंद गेज काढा, भाऊजी. बुशाचं.”

“का हो?”

“काढा आधी.”

 मेणकागदात गुंडाळलेलं, कधीही कामाला न लावलेलं गेज त्यांनी वरच्या खणातून काढलं आणि मास्तरांच्या बुशाला लावलं. हिरवं टोक भोकाच्या तोंडाशी अडलं. जराही आत गेलं नाही. मग त्यांनी वहिनीचं गेज लावलं. ते आरपार गेलं. भाऊजींनी कानटोपी काढली. वहिनीचं गेज त्यांनी मोजयंत्रावर ठेवलं, काट्याकडे बघितलं, टोक फिरवून पुन्हा बघितलं.

“झिजलंय,” ते म्हणाले.

“किती?”

“केसाचा दहावा भाग असेल. पण आपल्या कामात तेवढं पुष्कळ झालं.”

म्हणजे बारीक भोकाचे बुश पास होत होते. किती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. लेथवर हत्यार बोथट व्हायला लागलं की भोक बारीक पडतं, आणि चौपटमध्ये हत्यारं बदलायलाही कुणाला सवड नव्हती. एरवी असे तुकडे वहिनीच्या टेबलावर अडायचे. आता अडवणारंच झिजलं होतं.

वहिनीनं गेजचं कार्ड मागितलं. दर सहा महिन्यांनी मोजायचं, असं त्यावर छापलेलं होतं. मागची सही भाऊजींची, चौपट सुरू झालं त्याच आठवड्यातली.

“अजून पाच आठवडे आहेत,” भाऊजी म्हणाले. “कार्डाप्रमाणे आपण बरोबर आहोत.”

“सहा महिने कशाचे, भाऊजी? रोज पाचशेचे. दोन हजार झाल्यावर ते दीड महिन्यावर यायला नको? गेजला काय कॅलेंडर कळतं?”

 भाऊजींनी खालचा खण ओढला आणि एक कागद तिच्यासमोर सरकवला. त्यांचाच अर्ज होता, चौपटच्या दुसऱ्या महिन्यातला. गेज आता महिन्यांच्या हिशेबानं न मोजता, किती नग तपासले त्यावर मोजावेत आणि मापखोलीला आणखी एक माणूस द्यावा. खाली कुणाच्या तरी हिरव्या शाईत शेरा होता, ‘नियमात सहा महिने आहे. सध्या बदल नको.’

“मग दुसऱ्यांदा का नाही लिहिलंत?”

“दमलो होतो, वहिनी.”

त्यांनी ते इतकं साधेपणानं सांगितलं, की तिला रागावता येईना. चारशे गेज आणि हा एक माणूस. साठीला आलेला, रोज सगळ्यांच्या नंतर खोलीला कुलूप लावून निघणारा.

“मीही सकाळचं बघणं सोडलं होतं,” ती म्हणाली. “पाच महिने. रोज लावून बघितलं असतं, तर कधीतरी एका सकाळी कळलं असतं.”

 काचेपलीकडे शॉप निपचित पडलं होतं. मग भाऊजी हळू आवाजात, तिच्याकडे न बघता बोलायला लागले.

“एक सांगू का? गेज मी आत्ता बदलतो. कार्डावर आजची तारीख टाकतो. मुदतीच्या आधी बदललं, यात गुन्हा काही नाही. उद्यापासून माल चोख. गेला तो गेला. वहिनी, तो माल जातो कुठे? कळीत बसतो, कळ गोळ्यावर बसते आणि गोळा कोठारात जाऊन पडतो. दहा वर्षं, वीस वर्षं. लढाई होईल तेव्हा होईल. कदाचित होणारच नाही. आठ दिवस राहिलेत माझे. चौकशी लागली की कार्डावर सही कुणाची, तर माझी. चिठ्ठीवर शिक्का कुणाचा, तर तुमचा. चौतीस वर्षांवर पाणी.”

“लढाई होणारच नसेल, तर मग आपण इतके दमतोय कशासाठी?”

“ते चौपटसाहेबांना विचारा.”

 खरं सांगायचं तर वहिनीला त्यांचं म्हणणं पटावं असंच वाटत होतं. गेज बदलायचं, घरी जायचं, झोपायचं. ती उठली, मास्तरांचा बुश आणि झिजलेलं गेज फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाली, “सळ्या उद्याशिवाय येत नाहीत. तोवर मला विचार करू द्या.”

घर एकच होतं. खाली ती, वर भाऊजी आणि तिची धाकटी जाऊ. संध्याकाळी जावेनं तिला वर बोलावून घेतलं, नवी खुर्ची दाखवायला. लाकडी, मागे रेलणारी, पाय टेकायला पुढे फळी असलेली. ती खिडकीपाशी मांडून झाली होती आणि तिच्यावर चादर झाकली होती.

“एकतीस तारखेपर्यंत बसायचं नाही म्हणून सांगितलंय मी त्यांना,” जाऊ म्हणाली. “नाहीतर कौतुक राहत नाही. ताई, तुम्ही बसून बघा ना. तुम्ही बसलात तर चालेल.”

वहिनी बसली. पाठ टेकली आणि तिला वाटलं, आता कुणी उठवू नये. भाऊजी दारात उभे होते. दिवाबत्तीच्या वेळी इतका गप्प माणूस जावेच्या नजरेतून सुटणार नव्हता, पण तीही निरोपसमारंभाला शर्ट कुठला या विचारात होती.

“तुमच्या पोटात दुखतंय का?” तिनं एकदा विचारलं.

“दमलोय,” भाऊजी म्हणाले.

खाली येऊन वहिनी पलंगावर बसून राहिली. लढाईची तिला तितकीशी भीती वाटत नव्हती. लढाई तिला कधी नीट दिसतच नसे. तिला एकच दिसत होतं. कुठेतरी एक माणूस, तोही असाच दमलेला, गोळा तोफेत सारतोय. हा फुटेल, असं धरून चाललाय. ते त्यानं कशावरून धरलं? तर पेटीवरच्या शिक्क्यावरून. नंबर सतरा. त्या माणसानं वहिनीला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याच्याकडे विश्वास ठेवायला दुसरा काही आधारही नव्हता. तिला भाऊजींची दया येत होती, जावेची येत होती, स्वतःची तर फारच येत होती. पण त्या माणसापुढे यातलं काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाली. वर हाक मारली, तर जाऊ म्हणाली, “ते गेले कधीच. चहासुद्धा घेतला नाही.”

वहिनीनं ताडलं. माणूस घाईनं गेला, म्हणजे गेज बदलायला आणि कार्डावर तारीख टाकायला. आता आपण साहेबांकडे गेलो, तर त्यांची चूक राहणार नाही, लबाडी होईल. ती जवळजवळ पळतच फाटकापाशी पोचली. भाऊजींची सायकल आडोशाला लावलेली होती. मापखोलीला मात्र कुलूप होतं.

साहेब ऑफिसातच होते. दाढी वाढलेली, कालचाच शर्ट. रात्री ट्रकचा माग काढत बसले होते आणि खुर्चीतच डोळा लागला होता, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. वहिनीनं वेळ घालवला नाही. चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं, झिजलेलं गेज ठेवलं आणि काल काय झालं ते सगळं सांगितलं. सकाळचं बघणं तिनं सोडलं होतं, तेही सांगितलं. अर्ज लिहून आणला होता, तो पुढे केला. त्यात तिनं चूक आपली म्हणून लिहिली होती. भाऊजींचं नाव कुठे नव्हतं.

साहेबांनी अर्ज वाचला. मग टेबलाचा खण उघडून दुसरा कागद काढला आणि तिच्या अर्जाशेजारी ठेवला. भाऊजींचं बारीक, तिरकं अक्षर तिला लांबूनही ओळखू आलं.

“वीस मिनिटांपूर्वी देऊन गेले,” साहेब म्हणाले. “ते म्हणतात, चूक संपूर्ण त्यांची. तुमचा संबंध नाही. दरवाज्याबाहेर बाकावर बसलेत, तुम्हाला दिसले नाहीत?”

वहिनीला दिसले नव्हते. ती आली होती मान खाली घालून. तिनं दार उघडून बाहेर बघितलं. भाऊजी बाकाच्या टोकाला कानटोपी मांडीवर घेऊन बसले होते, शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखे. तिला एकदम रडू आलं आणि तितकाच रागही आला.

“आत या,” ती म्हणाली. “आणि मला न सांगता सकाळी उठून असले उद्योग करत जाऊ नका.”

“तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?” भाऊजी म्हणाले.

साहेबांनी एक छापील फॉर्म काढला. चौकशी कुणावर करायची, ते त्यात भरायचं होतं. पेन हातात धरून ते दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

“वहिनी, इथे ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून एकच ओळ आहे. एका चुकीला मी दोन माणसं कशी दाखवू?”

“ओळ वाढवा,” वहिनी म्हणाली. “साहेब, तुम्ही लेथ वाढवलेत, पाळ्या वाढवल्यात, ट्रक वाढवलेत. तपासणीचा माणूस वाढला नाही, मापखोलीतला वाढला नाही, गेजही वाढलं नाही. आता निदान ही ओळ वाढवा. आणि वाढवताच आहात, तर दोन कशाला, तीन करा. यांच्या जुन्या अर्जावर तो हिरवा शेरा ज्यानं मारला, त्यालाही जागा होईल.”

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी खिशाला हात लावला. खिशात हिरव्या शाईचं पेन होतं. भाऊजी छताकडे बघायला लागले.  शेवटी साहेबांनी पट्टी घेतली आणि फॉर्मवर हातानं दोन रेघा मारल्या. पहिल्या ओळीत काय लिहिलं, ते वहिनीला उलट बाजूनं वाचता आलं. त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

“किती माल गेलाय?” त्यांनी विचारलं.

“दोन लाख चाळीस हजार,” वहिनी म्हणाली. आकडा तिला तोंडपाठ होता.

साहेबांनी फोन उचलला. कळ जोडणारा कारखाना दोन दिवसांच्या अंतरावर होता. त्यांनी तिथल्या माणसाला सगळं सांगितलं, सांगताना दोनदा अडखळले आणि मग नुसते ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी डोळे मिटले.

“ते म्हणतात, खुशाल परत न्या,” फोन ठेवून ते म्हणाले. “एकही पेटी फोडलेली नाही. पाच महिने त्यांच्याकडे कळीला लागणाऱ्या स्प्रिंगाच आलेल्या नाहीत. आपला सगळा माल तसाच गोदामात पडून आहे.”

वहिनी मट्‌कन खाली बसली. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एकही गोळा त्या बुशांवर भरला गेला नव्हता.  आणि मग पाठोपाठ तिला दुसरं कळलं, आणि ते कळल्यावर ती आणखीनच थकली. पाच महिने अंगठा गेला, जेवण गेलं, सकाळची चार मिनिटं गेली, आणि माल नुसता इथून उचलून तिथे ठेवला जात होता. घाई कुणालाच नव्हती. घाईचा नुसता हुकूम होता.

चौकशी झाली. तिघांनाही लेखी ताकीद मिळाली. सहा महिन्यांचा नियम जाऊन नगांचा नियम आला. भाऊजींचं रिटायर होणं मात्र थांबलं. परत आलेला प्रत्येक नग पुन्हा तपासून होईपर्यंत मापखोलीच्या जबाबदार माणसानं सोडून जायचं नाही, असं वरून आलं. जाऊ आठवडाभर वहिनीशी बोलली नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघायची. खुर्चीवरची चादर तिनं काढली नाही.

एकतीस तारखेला दुपारी पहिला ट्रक आत आला. चोवीसशे पेट्यांतल्या सहाशे. पॅकिंगवाल्यांनी त्या कँटीनमध्ये भिंतीला लावून रचल्या, कारण दुसरीकडे जागा नव्हती. प्रत्येक पेटीचं सील जसंच्या तसं होतं आणि प्रत्येक चिठ्ठीवर सतरा नंबर होता. चौतीस वर्षांत एकही पेटी परत आली नव्हती, आणि आता एकदम भिंतभर आल्या. वहिनीनं ती भिंत खालपासून वरपर्यंत बघितली आणि तिला आपलंच नाव कुणी सहाशे वेळा ओरडतंय असं वाटलं.

चहाच्या सुट्टीनंतर भाऊजी आले. त्यांनी निरोपसमारंभाला काढलेला नवा शर्टच घातला होता. समोरची खुर्ची ओढून बसले.

“वहिनी, या वेळेला माझ्या गळ्यात हार पडला असता.”

“पेटी फोडा.”

त्यांनी सील तोडलं. वहिनीनं नवं गेज घेतलं. आधी चष्म्याचं घर उघडून मास्तरांच्या बुशाला लावलं. हिरवं टोक तोंडाशीच अडलं. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. भाऊजी बुश पुसून पुढे करत होते, ती तपासत होती. हिरवं, लाल, पेटीत. हिरवं, लाल, पेटीत. त्रेचाळिसाव्या बुशाला हिरवं टोक अडलं.

तिनं जोर केला नाही. बाहेर काढून पुन्हा लावलं. पुन्हा अडलं. तिनं तो बुश टेबलाच्या मध्यावर ठेवला. दिसायला तो इतर बेचाळिसांसारखाच होता, पिवळाधमक. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

“हा मला द्या,” भाऊजी म्हणाले. “मास्तरांनी तुम्हाला दिला होता तसा. निरोपाची भेट म्हणून. हार तर गेलाच.”

“देता यायचा नाही. मोजणी चुकेल,” वहिनी म्हणाली, आणि तिनं तो लाल डब्यात टाकून वहीत एक रेघ ओढली.

भाऊजी हसले. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच.

“माझा देईन तुम्हाला,” ती म्हणाली. “पण चोवीसशे पेट्या संपल्यावर.”

“तोवर मी मरेन, वहिनी.”

“मरायचं नाही. मला एकटीला होणार नाही हे.”

तिनं हात पुढे केला. भाऊजींनी चव्वेचाळिसावा बुश पुसला आणि तिच्या हातावर ठेवला.